ताटातले क्रोमियम, पायाखालचा काळा दगड

आपल्या घरातली स्टीलची ताटे, वाट्या आणि पातेली रोज घासली जातात, रोज पाण्यात पडतात, तरी गंजत नाहीत. विळी गंजते, तवा गंजतो, खिडकीचे गज गंजतात. स्टीलही मुळात लोखंडच. मग त्यालाच गंज का चढत नाही?

याचे उत्तर क्रोमियम नावाच्या धातूत आहे. लोखंडात शंभर भागांत किमान साडेदहा भाग क्रोमियम मिसळले, की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा अतिशय पातळ थर तयार होतो. हवा आणि पाणी त्या थरातून आत शिरू शकत नाहीत. घासणीने ओरखडा पडला तरी थर पुन्हा आपोआप जमतो. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी अशा पोलादाचा शोध जगापुढे आणला. म्हणजे शंभर ग्रॅम वजनाच्या एका स्टीलच्या ताटलीत दहा ग्रॅमहून अधिक क्रोमियम असते.

या धातूने आपल्या घरांचा इतिहासही बदलला. आपल्या आजीच्या काळात तांब्या-पितळेची भांडी होती. त्यांना वरचेवर कल्हई लावावी लागे. गल्लीत खड्डा खणून, भाता लावून, नवसागर आणि कथलाने भांडी चकचकीत करून देणारे कल्हईवाले येत. त्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे होती. स्टील आले आणि भाता विझला. ज्या क्रोमियमने हे केले ते येते कुठून, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. त्याची वाट समुद्राच्या तळाखालून जाते. पण सुरुवात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या दगडापासून करता येते.

आपल्या जिल्ह्याखाली काय आहे?

आम्हा धाराशिवकरांना काळा दगड नवा नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळी बोरी नदीवर बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला, तो याच दगडात. परंड्याचा किल्ला याच दगडाचा. बोअर घेताना गाडीवाला "काळा लागला" म्हणतो, तोही हाच. त्याला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. एकावर एक असे अनेक थर साचून दख्खनचे पठार तयार झाले.

हा थर आपल्याकडे किती जाड आहे, याचा एक आकडा मोठी किंमत मोजून आपल्या हाती आला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. याच काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. त्यानंतर अभ्यासासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यात आले. त्यात सुमारे ३३८ मीटरपर्यंत काळा दगड लागला. त्याच्याखाली जुन्या गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक होता.

"आपल्या गावाखाली ज्वालामुखी धुमसतो आहे का?" हा प्रश्न आजही कानावर येतो. त्याचे उत्तर नाही असे आहे. ज्या शिलारसापासून आपला दगड बनला तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाला. १९९३ चा धक्का खोलवरच्या जुन्या खडकात साचलेला ताण सुटल्यामुळे बसला. भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटला जात आहे, त्याचा हा ताण आहे. त्याच्याशी ज्वालामुखीचा संबंध नव्हता.

दगड वितळतो कसा?

मग हा शिलारस मुळात आला कुठून? पृथ्वीचे वरचे कवच पातळ आहे. त्याच्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जो भाग आहे त्याला शाळेच्या पुस्तकात प्रावरण म्हणतात. प्रावरण म्हणजे उकळता रस, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते जवळजवळ सगळे घन आहे. त्याच्या वरच्या भागातल्या खडकाला पेरिडोटाइट म्हणतात. ताजा असताना तो हिरवट दिसतो, कारण त्यात ऑलिव्हिन नावाचे हिरवे खनिज भरपूर असते. हा खडक खूप तापलेला असतो, पण वरच्या प्रचंड दाबामुळे वितळत नाही. मात्र घन असूनही तो वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने सरकू शकतो.

येथे स्वयंपाकघरातला कुकर आठवावा. कुकरमध्ये दाब असतो म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही शांत राहते. दाब एकदम सोडला, की ज्योत न वाढवताही ते उसळते. प्रावरणातला खडक वर सरकतो तेव्हा असेच घडते. उष्णता फारशी वाढत नाही, दाब मात्र कमी होतो, आणि खडक वितळू लागतो.

तोही सगळा वितळत नाही. मुले बर्फाची रंगीत कांडी चोखतात तेव्हा गोड रंगीत सरबत आधी निघून येते आणि हातात पांढरा बर्फ उरतो. पेरिडोटाइटमधूनही जे लवकर वितळणारे आहे ते आधी सुटते. शंभर भागांतले दहा-वीस भाग रस होऊन वर निघतात आणि थिजून बेसाल्ट बनतात. उरलेला खडक तळाशी राहतो. आपल्या शेताच्या बांधावरचा काळा दगड म्हणजे निघून आलेले सरबत. त्याचा पांढरा बर्फ आपण कधी पाहिलेला नाही. तो खाली खोल राहिला.

क्रोमियम बहुतांशी त्या उरलेल्या भागातच राहते. ते सहजासहजी रसात उतरत नाही. एक किलो प्रावरणी खडकात साधारण अडीच ग्रॅम क्रोमियम असते, तर वर आलेल्या बेसाल्टमध्ये त्याच्या दशांश किंवा त्याहूनही कमी. म्हणून धाराशिवच्या काळ्या दगडातून क्रोमियम काढण्याचा विचार व्यर्थ आहे. घर बांधायला, धरण बांधायला हा दगड उत्तम आहे, पण क्रोमियम त्याने खालीच ठेवले.

समुद्राच्या तळाची शिवण

दख्खनचा लाव्हा वाहून गेल्यावर फार काळ लोटला नाही तोच भारताच्या पश्चिमेचा एक तुकडा तुटला. आज त्याला आपण सेशेल्स बेटे म्हणून ओळखतो. मध्ये जी फट पडली तिथे समुद्राचा नवा तळ तयार होऊ लागला. ती फट अजूनही रुंदावत आहे. अरबी समुद्राच्या दक्षिणेकडून हिंदी महासागरात गेलेल्या या पर्वतरांगेला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे.

अशा रांगा सगळ्या महासागरांतून जातात. त्यांची एकूण लांबी ६० हजार किलोमीटरहून अधिक आहे. रांगेच्या दोन्ही बाजूंचे तळ एकमेकांपासून दूर सरकतात. कार्ल्सबर्ग रांगेवर ही गती वर्षाला दोन-चार सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात तितकी आहे. तळ फाकला की खालचा खडक वर सरकतो, दाब सुटतो आणि रस निघतो. तो थिजून सहा-सात किलोमीटर जाडीचे नवे कवच बनते. आपल्याकडे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जे घडून थांबले, त्याच तत्त्वावरचे काम समुद्राखाली आजही चालू आहे.

क्रोमियमचे गोळे कसे जमतात?

किलोमागे अडीच ग्रॅम क्रोमियम असलेला खडक खणून कोणाला परवडणार नाही. चांगल्या धातुकात किलोमागे अडीचशे ग्रॅमच्या आसपास क्रोमियम लागते, म्हणजे शंभरपट. ही शंभरपट साठवण निसर्गात अशी होते.

खालून आलेला शिलारस उरलेल्या खडकातून वाट काढत वर जातो. जाताना तो वाटेतल्या काही खनिजांना विरघळवतो आणि त्यांच्या जागी ऑलिव्हिन सोडतो. त्यामुळे त्याच्या वाटेभोवती जवळजवळ नुसत्या ऑलिव्हिनच्या खडकाचे अस्तर तयार होते. या खडकाला ड्युनाइट म्हणतात. विरघळलेल्या खनिजांतले क्रोमियम रसात येते. मग या बदललेल्या रसात खालून आलेला ताजा रस मिसळतो.

दूध एकटे तासन्‌तास तसेच राहते, लिंबाचा रसही तसाच राहतो, पण दुधात लिंबू पिळले की दूध फाटते आणि चोथा वेगळा होतो. दोन वेगळ्या घडणीचे शिलारस एकत्र आले, की अशाच प्रकारे त्यांना क्रोमियम धरून ठेवता येत नाही. क्रोमियम, लोखंड, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन यांचे काळे, जड खनिज वेगळे होते. त्याला क्रोमाइट म्हणतात. नवा रस येत राहतो, मिसळत राहतो, आणि त्याच जागी क्रोमाइट साचत जाते. त्यातून हिरवट ड्युनाइटच्या वेष्टणात काळ्या धातुकाचे गोळे, भिंगाच्या आकाराचे पट्टे तयार होतात. काही ठिकाणी तर बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखे दाणे दिसतात.

हे केवळ तर्क नाहीत. १९९२-९३ मध्ये पूर्व पॅसिफिक महासागरातील हेस डीप या खोल दरीत संशोधन जहाजाने समुद्रतळाला छिद्र पाडले, तेव्हा ड्युनाइटबरोबर क्रोमाइटचे लहान साठेही हाती लागले. किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षाच्या प्रारंभीची ही गोष्ट आहे.

ओमानच्या डोंगरात समुद्राचा तळ

समुद्राच्या तळाखालचे क्रोमियम तिथेच राहिले असते तर आपल्या ताटात कधीच आले नसते. बहुतेक समुद्रतळ जुना झाला की पुन्हा प्रावरणात बुडतो. क्वचित मात्र भूखंडांच्या रेटारेटीत तळाचा एखादा तुकडा जमिनीवर चढतो. वर लाव्हा, मध्ये कवच आणि खाली प्रावरणाचा खडक, अशी सगळी चळत जशीच्या तशी वर येते.

याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ओमानमध्ये आहे. आपल्या कितीतरी घरांतली मुले तिकडे नोकरीला आहेत. मस्कतहून निझवाकडे जाताना दोन्ही बाजूंना जे गडद तपकिरी, काळपट, झाड नसलेले डोंगर दिसतात, त्यांतले कित्येक एकेकाळी समुद्राच्या तळाखालचा खडक होते. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी बनलेला हा तुकडा जवळपास ५०० किलोमीटर लांब पसरला आहे. २०१६ ते २०१८ या काळात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तिथे छिद्रे पाडून खडकांचे नमुने काढले. समुद्रात जहाज नेऊन कवचाखालच्या प्रावरणापर्यंत पोहोचणे फार अवघड, ओमानमध्ये मात्र तिथवर गाडीने जाता येते. ओमानमध्ये क्रोमाइटच्या खाणीही आहेत.

येथे एक बारकावा सांगायला हवा. ओमानचा हा तुकडा खुल्या महासागराच्या मध्यभागी बनला नसून, एक तळ दुसऱ्याखाली बुडू लागला होता अशा जागेजवळ फाकत असताना बनला, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. अशा ठिकाणी शिलारसात पाणी असते आणि क्रोमाइटचे मोठे साठे होण्यास ते उपकारक ठरते.

तुर्कस्तान, सायप्रस, अल्बानिया, कझाकस्तान येथील क्रोमाइटही अशाच वर आलेल्या समुद्रतळात मिळते. आपल्या देशात मणिपूर, नागालँड, अंदमान आणि लडाखमध्ये असे खडक आहेत. महाराष्ट्रात कणकवलीजवळ जानवली-वागदे परिसरात आणि विदर्भात पवनीकडे थोडे क्रोमाइट सापडते, पण ते याहून फार जुन्या खडकांतले आहे. भारताचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्रोमाइट ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे. तेही अतिप्राचीन खडकांतले असून, पृथ्वी आजच्यापेक्षा जास्त तप्त असताना आलेल्या शिलारसातून ते साचले.

अल-बेरूनीची कृती

क्रोमियमला नाव मिळाले फ्रान्समध्ये, १७९७-९८ च्या सुमारास. व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळे केले. त्याच्या संयुगांना सुंदर रंग येतात म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग अत्यल्प क्रोमियममुळेच येतो.

पण माणसाने त्याचा उपयोग त्याआधी कितीतरी शतके केला होता. दक्षिण इराणमधील चाहक येथे मध्ययुगात मुशीत पोलाद बनवले जाई. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या पोलादात एक ते दोन टक्के क्रोमियम आढळले. ते चुकून आलेले नसून जाणूनबुजून टाकलेले होते. त्यासाठी त्यांना मदत झाली ती अबू रैहान अल-बेरूनी यांच्या रत्ने आणि धातूंवरील ग्रंथाची. त्यात मुशीतल्या पोलादाची कृती आहे आणि तिच्यातला एक कोड्यात टाकणारा घटक क्रोमाइट असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. हेच अल-बेरूनी भारतात आले होते. नद्यांतले गोटे डोंगराजवळ मोठे आणि पुढे पुढे बारीक होत जातात हे पाहून, उत्तरेचे मैदान एकेकाळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरले असावे, असे अनुमान त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले.

पवित्र कुरआनातील सूरह फातिरमध्ये अल्लाहने डोंगरांतील पांढऱ्या, लाल आणि गडद काळ्या पट्ट्यांकडे माणसाचे लक्ष वेधले आहे, आणि लगेच पुढे इल्म असणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. दगडाकडे लक्ष देऊन पाहणे हे आपल्या परंपरेत परके नाही.

अमानत

जमिनीने क्रोमियम कोट्यवधी वर्षे क्रोमाइटच्या कणात घट्ट बांधून ठेवले. त्या रूपातले क्रोमियम पाण्यात सहसा विरघळत नाही आणि फारसे अपायकारकही नाही. त्याचे दुसरे एक रूप आहे, षट्‌संयुजी क्रोमियम. ते पाण्यात सहज विरघळते, कातडीला जखमा करते, आणि त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. खाणीत उघडा पडलेला खडक, हवा आणि पाणी यांच्या संपर्कात काही क्रोमियम या रूपात जाते. कारखान्यांत तर ते मुद्दाम तयार केले जाते. सुकिंदा खोऱ्यातले पाणी यामुळे दूषित झाले आणि २००७ मध्ये अमेरिकेतील ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने त्या जागेचा जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांत समावेश केला. तमिळनाडूतील राणीपेट येथे १९९० च्या दशकात बंद पडलेल्या एका कारखान्यामागे सुमारे दीड लाख टन क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर राहिला.

या साखळीत आपणही आहोत. ईद-उल-अज्हाला धाराशिव जिल्ह्यात कुर्बानी होते ती बहुधा उस्मानाबादी बकऱ्याची. त्याचे कातडे टॅनरीत जाते आणि तिथे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षाराने कमावले जाते. पूर्वी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवायला आठवडे लागत. कोल्हापुरी चपलेचे कातडे आजही तसेच कमावतात. क्रोमियमने ते काम एक-दोन दिवसांत होते. पण वापरलेले पाणी नीट शुद्ध न करता सोडले, तर ते नदीत आणि विहिरीत उतरते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने कमी पाण्यात, कमी क्रोमियममध्ये कातडे कमावण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. दूषित पाण्यातले षट्‌संयुजी क्रोमियम हिराकस टाकून पुन्हा निरुपद्रवी रूपात आणता येते. उपाय आहेत, ते करण्याची जबाबदारी पार पाडायला हवी.

कुर्बानीचे कातडे विकून पैसा स्वतःकडे ठेवू नये, कसायाची मजुरी त्यातून देऊ नये, हे आपण सर्व जाणतो. ते सदका आहे. गेल्या काही वर्षांत कातड्याला भाव राहिला नाही म्हणून अनेक ठिकाणी ते उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकले जाते. असे होऊ देऊ नये. कातडे काढल्यावर काही तासांतच त्याला आतल्या बाजूने भरपूर मीठ चोळून सावलीत ठेवले, तर ते टिकते आणि मदरशाच्या किंवा गरजूच्या उपयोगी पडते. गावातील जमाअतने आधीच ठरवून एका जागी गोळा केले, तर व्यापाऱ्याला ते कोणत्या टॅनरीला जाते आणि तिथे सांडपाण्याची सोय आहे का, हेही विचारता येते. एकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही, पन्नास घरांनी विचारले तर द्यावे लागते.

घरातल्या स्टीलच्या भांड्यांना घाबरण्याचे कारण नाही. त्यांतले क्रोमियम धातूच्या रूपात घट्ट बसलेले असते. फुटके, पोचे आलेले भांडे मात्र कचऱ्यात न टाकता भंगारवाल्याला द्यावे. ते वितळवून पुन्हा स्टील होते आणि तेवढे क्रोमाइट जमिनीतून नव्याने काढावे लागत नाही. घरातली एखादी मुलगी किंवा मुलगा बारावीला विज्ञान शिकत असेल, तर डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्याबरोबर भूगर्भशास्त्र हाही एक रस्ता आहे, हे त्यांना सांगावे. पाणी कुठे लागेल, घर कुठे आणि कसे बांधावे, खाणीचे पाणी विहिरीत कसे उतरते, या प्रश्नांची उत्तरे त्याच शास्त्रात आहेत, आणि १९९३ पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला अशा जाणत्यांची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.